बियाण्यावर नाव कोणाचे?

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात वर्तकनगर, ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या मुलामुलींचा येथे सत्कार झाला त्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे मी प्रथम मनापासून अभिनंदन करतो. कार्यवाहांनी मला 'वनस्पतिशास्त्र व शाश्वत शेती या क्षेत्रांतील संशोधनाच्या संधी' असा विषय दिला आहे. विषय चांगला आहे. परंतु संधी म्हटले की वक्ते अभ्यासक्रमांची जंत्री वाचून दाखवतात आणि घरी जाईपर्यंत ती विसरली जाते. अभ्यासक्रमांबद्दल मी बोलणारच आहे. त्याआधी मला एका संशोधकाविषयी सांगायचे आहे. त्यांचे शिक्षण तिसरीपर्यंत झाले होते, आणि त्यांनी शोधलेल्या वाणाचा भात तुमच्यापैकी बहुतेकांनी खाल्लेला आहे.

आपल्या वाण्याच्या दुकानात तांदळाच्या पोत्यांवर पुठ्ठ्याच्या पाट्या खोचलेल्या असतात. बासमती तुकडा, इंद्रायणी, आंबेमोहर, वाडा कोलम आणि त्यांच्या शेजारी 'एचएमटी' किंवा 'एचएमटी कोलम'. (पाटी एचएमटीची असली म्हणजे पोत्यात नेमका तोच वाण असतो असे समजू नका. एखादे नाव चालू लागले की बाजार ते नाव कशालाही लावतो.) हा एचएमटी तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड या लहानशा गावात जन्मला. मराठवाड्यातले नांदेड ते वेगळे. त्याचे जन्मदाते दादाजी रामाजी खोब्रागडे. जमीन अवघी दीड एकर, तीही जंगलाला लागून.

सन १९८३ मध्ये दादाजींनी आपल्या बांधीत 'पटेल-३' या वाणाचे धान लावले होते. आपण इकडे ठाणे-रायगडात ज्याला भात म्हणतो त्याला तिकडे धान म्हणतात आणि लावणीला रोवणी. पीक पक्व होत असताना शेतात फिरताना त्यांना तीन लोंब्या इतरांपेक्षा निराळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर होता, ठेवणही वेगळी होती. त्यांनी त्या लोंब्या बाजूला काढून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. पुढच्या वर्षी शेताच्या मध्यभागी लहानसा तुकडा राखून ते दाणे पेरले आणि रानडुकरांनी खाऊ नये म्हणून सभोवती काटेरी झुडपांचे कुंपण केले. आलेल्या पिकातून पुन्हा निवड, पुढच्या वर्षी पुन्हा पेरणी. असे वर्षामागून वर्ष चालले. दाणा पटेल-३ पेक्षा बारीक, शिजवून पाहिला तर चवीला सरस. १९९० च्या सुमारास गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने हे बियाणे घेऊन एकरांवर लावले, पीक भरघोस आले आणि माल तळोधीच्या बाजारात गेला. वाणाला नाव नव्हते. त्या काळात एचएमटीचे मनगटी घड्याळ म्हणजे प्रतिष्ठेची वस्तू, म्हणून एका व्यापाऱ्याने या नव्या धानालाही एचएमटी म्हटले. तेच नाव पुढे विदर्भ ओलांडून छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणापर्यंत पोचले.

आता काही शिकलेले लोक असे म्हणतात की हा योगायोग होता, याला संशोधन कसे म्हणायचे? मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मला जरा सविस्तर द्यावेसे वाटते.

भाताचे फूल फार थोडा वेळ उघडते. सकाळी ऊन चढू लागले की दोन तुसे विलग होतात आणि त्याच सुमारास परागकोश फुटून त्याच फुलातले पराग त्याच फुलातल्या स्त्रीकेसरावर पडतात. तासा-दीड तासात तुसे पुन्हा मिटतात. त्यामुळे परक्या झाडाचा पराग मिळण्याचे प्रमाण भातात शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. अशा पिकात निराळी लोंबी तीन वाटांनी येऊ शकते. बियाण्यात दुसऱ्या वाणाचे दाणे मिसळलेले असतात, किंवा एखाद्या फुलात क्वचित होणारा संकर होऊन जातो, किंवा आनुवंशिक द्रव्यात आपोआप बदल घडतो, ज्याला उत्परिवर्तन म्हणतात. संकरातून आलेले रोप असेल तर त्याची संतती पहिली काही वर्षे एकसारखी निघत नाही. कोणी उंच, कोणी बुटके, कोणाचा दाणा जाड. प्रत्येक पिढीत ही आतली मिसळ निम्म्याने कमी होत जाते. पाच पिढ्यांनंतर ती मूळच्या बत्तिसाव्या हिश्श्यावर, म्हणजे शेकडा तीनवर येते. दादाजींनी पाच-सहा वर्षे थांबून दरवर्षी निवडक लोंब्यांचेच बी धरले, त्याचे मर्म हे आहे. पहिल्याच वर्षी सगळे बी शेतभर पेरून टाकले असते तर हाती खिचडी आली असती. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पदवीधर पैदासकार हेच करतो, आणि त्याला शुद्ध वंश निवड पद्धत म्हणतो.

या पद्धतीचा शास्त्रीय पाया डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ मध्ये घातला. त्यांनी घेवड्याच्या बिया एकेक करून तोलल्या. मिश्र बियाण्यातून मोठ्या बिया निवडल्या तर पुढची पिढी मोठ्या बियांची येते, परंतु एकाच झाडाच्या वंशात मोठी बी पेरा की लहान, पुढच्या पिढीची सरासरी सारखीच येते, हे त्यांनी दाखवले. आनुवंशिकतेच्या घटकाला 'जीन' हा शब्दही त्यांनीच १९०९ मध्ये दिला. विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या योहान्सनला विद्यापीठात घालण्याची त्याच्या वडिलांची ऐपत नव्हती. तो औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला, पुढे प्रयोगशाळेत मदतनीस झाला आणि अखेर कोपनहेगन विद्यापीठाचा प्राध्यापक झाला. त्याचे नाव आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

आणि आपल्या माणसाचे? येथे नावांचा विचार करू या. दादाजींनी ज्या धानातून निवड केली त्याचे नाव 'पटेल-३'. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. जे. पी. पटेल यांनी तो वाण तयार केला, म्हणून त्यांचे नाव. आपल्या जवळच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या विद्यापीठाबरोबर उडदाचा 'टीएयू-१' वाण १९८५ मध्ये आणि भुईमुगाचा 'टीएजी-२४' वाण १९९१ मध्ये दिला. यातला 'टी' म्हणजे ट्रॉम्बे आणि 'ए' म्हणजे अकोला. दोन संस्थांनी मिळून काम केले, तर नावात दोघींना जागा मिळाली. हे योग्यच आहे. परंतु दीड एकरवाल्या दादाजींच्या वाणाला मिळाले घड्याळाचे नाव. व्यापाऱ्याने ते वाईट हेतूने दिले असे मी म्हणत नाही. तो माल विकत होता आणि नाव कोणाचे असावे हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच.

पुढची हकिगत वर्तमानपत्रांतून अनेकांनी वाचली असेल. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रासाठी आपल्याकडून पाच किलो बियाणे नेले गेले, असे दादाजींचे म्हणणे होते. १९९८ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित केला. आपण शुद्धीकरण आणि निवड करून वाण सिद्ध केला, अशी विद्यापीठाची बाजू होती. मूळ आपले असून आपल्याला श्रेय नाही, ही दादाजींची बाजू. मला स्वतःला वाटते की शुद्धीकरण हेही काम आहे, त्याला कमी लेखू नये. पण शुद्ध करण्यासारखे काही मुळात कोणी तरी शोधावे लागते, आणि ते कोणी शोधले हे सांगायला एक ओळ पुरे होते.

मित्रहो, त्या काळी या भांडणाचा निवाडा करायला आपल्या देशात कायदाच नव्हता. १९६६ चा बियाणे कायदा होता, तो बियाण्याची प्रत पाहतो. वाण कोणाचा हे तो विचारत नाही. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचे करार लागू झाले आणि वनस्पतींच्या वाणांना संरक्षण देणे भारताला भाग पडले. त्यातून २००१ मध्ये वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. प्राधिकरण २००५ मध्ये स्थापन झाले. दादाजींचे बियाणे त्याआधीच गावोगाव गेले होते.

त्यांचा गौरव झाला नाही असे नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने ग्रामीण भागातील प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. त्यांनी तेवढ्यावर थांबून एचएमटीच्या पुण्याईवर दिवस काढले नाहीत. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपकरत्न, डीआरके असे आणखी वाण काढले. यांतील डीआरके म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. या वेळी त्यांनी स्वतःचे नाव घालायला कमी केले नाही, याचा मला फार आनंद वाटतो. परंतु पैसा काही आला नाही. अखेरच्या आजारात ते गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'च्या रुग्णालयात होते. तेथेच ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

आजचा कायदा काय म्हणतो ते विद्यार्थ्यांनी आणि ज्यांची गावी थोडीफार शेती आहे अशा सभासदांनी समजून घ्यावे. शेतकऱ्याने नवा वाण काढला तर व्यावसायिक पैदासकाराप्रमाणेच त्याला त्याची नोंदणी करता येते. शेतकऱ्याला त्यासाठी फी नाही. वाण इतरांपासून वेगळा हवा, सगळी झाडे एकसारखी हवीत आणि पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच टिकायला हवा, या तीन कसोट्या लागतात. शेतातल्या पिकाला पंधरा वर्षांचे आणि झाडे व वेलींना अठरा वर्षांचे संरक्षण मिळते. शिवाय संरक्षित वाणाचेही बी घरी राखणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे, विकणे हा शेतकऱ्याचा हक्क कायम आहे. फक्त कंपनीसारखा शिक्का मारून विकता येत नाही. जगातल्या अनेक देशांच्या कायद्यांत शेतकऱ्याला इतके दिलेले नाही.

पण कायदा दाराशी येऊन विचारत नाही. अर्ज भरावा लागतो, आणि अर्जात विचारतात ते वहीत लिहिलेले असावे लागते. लोंबी कोणत्या वर्षी सापडली, मूळ वाण कोणता, पेरणी कधी झाली, निसवायला किती दिवस लागले, उंची किती, लोंबीत दाणे किती, हजार दाण्यांचे वजन किती, कोणाला किती बियाणे दिले. दादाजींच्या डोळ्यांत आणि हातांत संशोधन होते. ते कागदावर आणणारा कोणी त्या गावात असायला हवा होता. दहावी-बारावी झालेली एखादी पोर शेजारी वही घेऊन बसली असती तरी पुष्कळ काम झाले असते. येथे बसलेल्या मुलामुलींकडे पाहताना माझ्या मनात हाच विचार येतो.

आता पालकांविषयी. मुलगी म्हणते, मला कृषीला जायचे आहे. बाबा म्हणतात, अगं, मातीतून निघायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या आणि तू परत मातीत चाललीस? हा राग मी समजू शकतो. येथे बसलेल्यांपैकी कितीजणांचे वडील-आजोबा जमीन नव्हती किंवा पुरत नव्हती म्हणूनच वागळे इस्टेटच्या कारखान्यांत, महापालिकेत, पोलीस खात्यात आले. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात हेच सांगितले आहे. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर लावायला भांडवल आणि अवजारे किती आहेत यावर ठरते. शेतीवर माणसांचा जो अतिरिक्त भार आहे तो उद्योगांकडे वळवल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटायचा नाही. तेव्हा 'चला खेड्याकडे' हा उपदेश मी करणार नाही. मी म्हणतो ते इतकेच की शेतीविषयीचे निर्णय प्रयोगशाळेत, प्रक्षेत्रावर आणि प्राधिकरणाच्या टेबलावर होतात. त्या टेबलापाशी दीड एकरवाल्याची बाजू जाणणारा माणूस शास्त्रज्ञ म्हणून बसलेला असणे आणि नसणे, यात मोठे अंतर आहे.

वाट कशी आहे? बारावी विज्ञान आणि सीईटी दिल्यावर चार वर्षांची कृषी पदवी. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. आपल्या कोकण विभागासाठी दापोलीचे. कृषीला प्रवेश नाही मिळाला तर खचू नका. येथल्याच महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. करा, नंतर नेट परीक्षा देऊन संशोधनाकडे वळा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गहू, सोयाबीन आणि द्राक्षे यांवर चांगले काम चालते. तुर्भ्याचे भाभा केंद्र किरणोत्साराने पिकांत बदल घडवून वाण काढते हे वर आलेच. पीएच.डी. करणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याची 'बार्टी' संस्था अधिछात्रवृत्ती देते. तिचे नियम आणि जागा बदलत असतात, म्हणून जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर राहू नये. एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही वाट लांब आहे. पदवी, पदव्युत्तर, पीएच.डी. मिळून दहा वर्षे सहज जातात, आणि नवा वाण सिद्ध व्हायलाही तितकीच लागतात. ज्याला दोन वर्षांत फळ हवे त्याने दुसरे क्षेत्र पाहावे.

करण्यासारखे काम मात्र ढीगभर पडले आहे, आणि त्यातले बरेच आपल्या आजूबाजूलाच आहे. खाडीकाठच्या खारजमिनीत भरतीचे पाणी शिरले की भात करपतो. त्यासाठी पनवेलच्या केंद्राने खारे पाणी सोसणारे 'पनवेल' मालिकेतील वाण दिले आहेत. समुद्र जसा वर चढेल तशी त्यांची गरज वाढणार. शहापूर-मुरबाडकडे अजूनही पालापाचोळा आणि शेण जाळून राब भाजतात आणि त्यावर रोपे करतात. तण मरते हे खरे, पण सेंद्रिय पदार्थही जळून जातो.

खताचे उदाहरण घ्या. चिखलात युरिया फेकला की त्यातला मोठा भाग हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. डॉ. एन. के. सावंत यांनी यावर चारसूत्री भात लागवडीची पद्धत बसवली. भाताच्या तुसाची राख वापरायची, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, दोरीवर पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने नियंत्रित लावणी करायची, आणि दर चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी हाताने खोल खोचायची. गोळी २.७ ग्रॅमची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या म्हणजे साधारण १७० किलो खत. खोल चिखलात हवा नसते, म्हणून नत्र अमोनियमच्या रूपात टिकते आणि मुळांना सावकाश मिळते. राखेतून सिलिका मिळते, तिने खोड ताठ राहते. यात परदेशी यंत्र एकही नाही. मात्र ६२,५०० वेळा वाकणे आहे, आणि वाकणार कोण? बहुधा बायाच. हे काम कंबर न मोडता कसे होईल, हाही संशोधनाचाच विषय आहे. तो पुरुष शास्त्रज्ञांना सुचायला वेळ लागतो असा माझा अनुभव आहे.

बियाण्याचेही तसेच. कर्जतच्या केंद्राने 'सह्याद्री' हा संकरित भात दिला. उत्पन्न चांगले, पण संकरिताचे बी दुसऱ्या वर्षी राखून चालत नाही, दर वर्षी विकत घ्यावे लागते. दादाजींच्या एचएमटीसारखा शुद्ध वाण कणगीतून काढून पेरता येतो. ज्याच्याकडे पाणी आणि भांडवल आहे त्याने संकरित जरूर लावावे. दीड एकरवाल्यासाठी मात्र घरच्या बियाण्यावर अधिक संशोधन व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंडही न पाहता गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीसाठी त्यांचे नाव जाहीर झाले. अशा बँकांतल्या प्रत्येक वाणात काय गुण दडले आहेत ते तपासायला हजारो हात लागणार आहेत.

शेवटी एक सूचना. कर्जतचे भात संशोधन केंद्र आपल्यापासून लांब नाही, ठाण्याहून कर्जत लोकल थेट जाते. सप्टेंबरच्या अखेरीस तिकडे मध्यम मुदतीचे भात निसवते. केंद्राची परवानगी आधी घेऊन पंधरा-वीस विद्यार्थ्यांना नेण्याची माझी तयारी आहे, संस्थेने फक्त पत्र द्यावे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे नोंदवावीत. येताना एक वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि मिळाल्यास भिंग आणावे. पहिली गाडी पकडावी लागेल, कारण दुपार झाली की भाताचे फूल मिटलेले असते.